एका घराचं एक पान

आमच्या आळीत येऊन चंद्रहास राऊतांचं घर विचारलंत तर समोरचा उलट विचारतो, "कोण, इलेक्शनवाले?" नवखा माणूस बिचकतो. त्याला वाटतं, कोणी पुढारी असणार. प्रत्यक्षात चंद्रहासदादा साध्या ग्रामपंचायतीलाही कधी उभे राहिले नाहीत. वसईतल्या गिरीजच्या पुढे समुद्राच्या अंगाला आमच्या वाड्या आहेत. त्यांच्या वाडीत विड्याची पानवेल, चार ओळी केळी आणि मागे बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं. त्यावरच त्यांचं घर चालतं. नाद मात्र एकच, जगातल्या निवडणुकांचा.

कोणाला पत्ते खेळायचा नाद असतो, कोणाला भजनाचा. यांना कुठल्या देशात कधी मतदान आहे, कोण कोणाविरुद्ध उभा आहे, किती वाजता मतपेट्या फुटणार, याचा. त्यांच्या पडवीत आम्ही पाच-सहा बायका पानं लावायला बसायचो. खुडून आणलेली पानं आकाराने निवडायची, देठाला देठ जुळवून कवळ्या बांधायच्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून करंडीत भरायच्या. हात कामात, कान रिकामे. मग चंद्रहासदादा रेडिओचा आवाज कमी करायचे आणि सुरू व्हायचे. एकोणीसशे नव्याण्णव साली तर त्यांची दिवाळीच होती. नायजेरियात लष्कर जाऊन मतदान आलं, दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांनी दुसऱ्यांदा मत दिलं, इंडोनेशियात लोकांनी आख्खं बोट शाईत बुडवलं. आमच्याकडे तर एका मताने सरकार पडलं होतं आणि वर्ष-दीड वर्षातच पुन्हा निवडणूक लागली होती. आम्हाला चुलीवरचं दूध उतू गेलेलं कळायचं नाही, पण इस्रायलात कोण निवडून आलं ते ठाऊक असायचं.

सगळ्यांत मन लावून ऐकायची शांताआत्या. ही चंद्रहासदादांच्या वडिलांची बहीण. आगाशीला दिली होती. वर्ष सरायच्या आत नवरा विषमज्वराने गेला आणि ती आली ती माहेरी राहिली. आधी भावाचं घर, मग भाच्याचं. तिने पानवेलीला पाणी घातलं, भावाची पोरं वाढवली, त्या पोरांची पोरं वाढवली. घरात तिला कोणी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. फक्त तिला कधी कोणी काही विचारलं नाही. भाजी कसली करू, हेसुद्धा नाही. समोर येईल ती चिरायची.

मतदानाचं मात्र तिला भारी कौतुक. पहिल्या निवडणुकीपासून तिने एकही चुकवली नव्हती. शाळेतल्या टेबलामागचा अधिकारी यादीत बघून मोठ्याने म्हणायचा, "शांता नारायण पाटील," आणि ती पदर सावरून पुढे व्हायची. आम्हाला हसत सांगायची, "माझ्या नवऱ्याचं नाव आता फक्त सरकारलाच म्हाईत हाय." आणि मग हळूच, "आत गेलं की आपलं आपन. कोनाचा चंदू नाय नि कोनाचा भाव नाय." तिला चंद्रहासदादा म्हणजे अजून चंदूच.

ऑस्ट्रेलियात इंग्लंडची राणी ठेवायची की काढायची यावर मतदान होणार आहे, असं दादांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "राणीला इचारलंय का?" आम्ही पोट धरून हसलो. पण तिमोरची गोष्ट आली तेव्हा ती हसली नाही. पूर्व तिमोर नावाचा छोटासा मुलूख, आपल्या वसईसारखाच एकेकाळी पोर्तुगीजांचा. आमचा शेजारी गॅब्रिएल जातो त्या चर्चमध्ये तर त्यांच्यासाठी प्रार्थनाही झाली होती. स्वतंत्र व्हायचं की नाही, एवढंच तिथल्या लोकांना विचारलं होतं. मत द्याल तर घरं जाळू, अशा धमक्या होत्या, तरी लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले. बायका पोरं काखेला मारून आल्या. आत्याच्या हातातली कवळी तशीच राहिली. "घरं जाळू म्हनाले, तरी गेल्या?" तिने दोनदा विचारलं. "गेल्या," दादा म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. माणूस खरंच हळवा होता, ते मी नाकारत नाही.

त्याच दिवसांत आमच्याकडे पाण्याने कहर केला होता. रेल्वेपलीकडे इमारतींवर इमारती उठत होत्या आणि त्यांची तहान भागवायला टँकर आमच्या वाड्यांत शिरत होते. कोणी एखादा आपली विहीर टँकरवाल्याला द्यायचा आणि आजूबाजूच्या सगळ्यांच्या विहिरींचा तळ दिसायचा. उन्हाळ्यात चंद्रहासदादांच्या पानवेलीचे दोन वाफे करपले. पानवेल म्हणजे तान्हं पोर, एक दिवसही तहानेलं ठेवून चालत नाही. तक्रारी झाल्या, मोर्चा झाला, साहेब लोक येऊन चहा पिऊन गेले. मतदान गणपतीच्या तोंडावर आलं आणि गावदेवीच्या देवळात बैठक बसली. विषय एकच, या वेळी मतदानावर बहिष्कार टाकायचा का.

आमच्याकडे गावाने शब्द द्यायचा म्हणजे पान उचलायचं, अशी रीत आहे. देवीपुढे परातीत विड्याची पानं मांडतात, घरं तेवढी पानं. घरातला कर्ता पुरुष पुढे होतो, एक पान उचलतो आणि डोक्याला लावतो. ते पान उचललं की त्या घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळे शब्दाला बांधले गेले. ज्या घरात पुरुष नाही त्या घरचं पान दीर नाहीतर पुतण्या उचलतो. बायका देवळाच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसतात आणि आत काय चाललंय ते मान उंच करून बघतात. पान लावायचं आम्ही आणि उचलायचं यांनी! मला त्या रीतीचा पहिल्यापासून राग येतो, पण माझ्या रागाला विचारतो कोण?

बैठक काही केल्या ठरेना. मत नाही दिलं तर आपलंच नुकसान, असं निम्मे म्हणत होते. मग कोणीतरी म्हणालं, "चंद्रहासला विचारा, त्याला जगातलं कळतं." दादा उठले. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की एका दूरच्या बेटावर अगदी असंच घडलं होतं, पाण्यासाठी सगळ्या गावांनी मतदानावर बहिष्कार टाकला आणि महिन्याभरात सरकार गुडघ्यावर आलं. बेटाचं नावही त्यांनी सांगितलं. परदेशी, अवघड, खरं वाटणारं नाव. सभेत टाळ्या पडल्या. माझे यजमान विलास पहिल्या चारात पुढे गेले आणि पान उचलून आले. त्यांनी पायरीवर बसलेल्या माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. राऊतांच्या घरचं पान अर्थातच चंद्रहासदादांनी उचललं.

घरी गेल्यावर शांताआत्याने विचारलं, "चंदू, पान उचललंस?"

"हो."

"कोनासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? आपल्या घरासाठी."

"मग माझं मत घराचं का माझं?"

दादांनी हसून वेळ मारून नेली. गावाचा शब्द आहे, पाण्याचा प्रश्न आहे, पुढच्या वेळी दे की, असं काहीबाही बोलले. मी तेव्हा फडकी परत द्यायला गेले होते, म्हणून हे माझ्या कानांवर पडलं. आत्या गप्प बसली. तिला गप्प बसायची सवय होती, आणि तिच्या गप्प बसण्याची आम्हा सगळ्यांना.

मतदानाच्या दिवशी शाळेकडे वळणाऱ्या रस्त्यावर बाकडं टाकून गावातली पाच-सहा माणसं बसली. शब्द मोडून कोणी जात नाही ना, ते बघायला. मधोमध चंद्रहासदादा. सकाळी नऊच्या सुमाराला शांताआत्या आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात काही नाही. कोणाकडे न बघता ती सरळ शाळेकडे वळली. बाकड्यावर कोणीतरी खोकलं. कोणीतरी म्हणालं, "चंद्रहास, तुझ्याच घरचं मानूस." दादा उठले आणि तिच्या आडवे उभे राहिले.

"आत्या, घरी चल."

"घरं जाळू म्हनाले तरी त्या तिमोरच्या बायका गेल्या. तूच सांगितलंस."

"ते वेगळं, हे वेगळं. चारचौघांत मला मान खाली घालायला लावू नकोस."

आत्याने त्यांच्या मानेकडे पाहिलं. मग ती वळली आणि आली तशी परत गेली. बाकड्यावरच्यांनी दादांची पाठ थोपटली. मी किराणा घेऊन परतताना तिथेच थबकून बघत होते. माझी जीभ वळवळली. मी पिशवी सावरली आणि घरी आले.

चार वाजून गेल्यावर एक जीप आली. उमेदवाराची माणसं, बरोबर सरकारी कोणी. देवळात घाईघाईने बैठक बसली, टँकर बंद करण्याचं आश्वासन कागदावर लिहून दिलं गेलं आणि गावाने शब्द मागे घेतला. पाचला मतदान संपायचं. मग जी पळापळ झाली! मी ओट्यावर पानं निवडत होते. विलास आमच्याच फाटकासमोरून चप्पल हातात घेऊन धावत गेले. मला वाटलं, कुठे आग लागली. मी हाक मारली तर नुसता हात हलवला. शाळेजवळच्या दोन-चार घरांतल्या बायकांना आरडाओरड्यात कळलं आणि त्या पदर खोचून पोचल्या. बाकी आळीतल्या एकाही बाईला बोलवायला कोणी आलं नाही. पान उचलताना आम्ही घरात धरल्या गेलो होतो, पान परत ठेवताना आमची आठवणही नव्हती.

दिवेलागणीला पुरुष हसत-खिदळत परत आले. मी विलासना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते म्हणाले, "एका मताने काय होतंय?" त्याच वर्षी एका मताने दिल्लीतलं सरकार पडलं होतं, हे मी त्यांना ऐकवलं. ते रेडिओ लावून बसले.

चंद्रहासदादांच्या घरी मी कंदील मागायला गेले, कारण आमच्याकडची वीज गेली होती. शांताआत्या ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. अंगावर तेच हिरवं लुगडं. सकाळपासून तिने ते बदललंच नव्हतं. दादा समोर उभे होते, डावा हात पाठीमागे. आत्या म्हणाली, "हात कशाला लपवतोस? बघू तरी शाई."

त्यांनी हात पुढे केला. बोटावरची शाई अजून ओली दिसत होती.

"रांग मोठी व्हती?"

"होती. आत्या, घाई झाली ग. विसरलो मी. खरंच विसरलो."

"बरं," आत्या म्हणाली. ती उठली, आत जाऊन लुगडं बदललं आणि भात वैरला. त्यावर ती पुढे एक शब्द बोलली नाही. रागावली असती, रडली असती, शिव्या घातल्या असत्या तर दादा सुटले असते. तिने त्यांना सुटू दिलं नाही, आणि मला वाटतं, हे तिलाही कळत होतं.

गणपती आले. चंद्रहासदादा पूजेला बसले तेव्हा मूर्तीला गंध लावताना त्यांचा डावा हात मांडीखाली होता. लिंबू, राख, रॉकेल, सगळं चोळून झालं होतं. टँकर निकालापर्यंत बंद राहिले आणि निकाल लागल्यावर पुन्हा सुरू झाले. तो कागद कुठे गेला, देवीला ठाऊक. तिकडे तिमोर जळत होतं, पेपरात फोटो यायचे. पडवीत आम्ही विचारायचो, "दादा, काय झालं हो तिमोरचं?" ते म्हणायचे, "वाचलं नाही." नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाने राणी ठेवली, तेही मला पेपरातूनच कळलं. रेडिओवर बातम्या लागल्या की ते उठून बावखलाकडे जायचे. पडवीत नुसता पानांचा आवाज यायला लागला.

बाकीच्या पुरुषांना या सगळ्याचं काहीच वाटलं नाही. चंद्रहासदादांना वाटलं. म्हणून तर मी त्यांच्यावर लिहायला बसले आहे, विलासवर नाही. त्यांनी आत्याला नवं लुगडं आणलं, डोलीत बसवून डोंगरावरच्या जीवदानी देवीला नेलं. रोज सकाळी भाजी चिरायला ठेवायच्या आधी ते विचारायला लागले, "आत्या, आज काय खाशील?" ती म्हणायची, "करतील ते." पुढच्या बैठकीत तर ते उभे राहिले आणि म्हणाले, यापुढे घराला एक पान नको, माणसागणिक पान ठेवा, बायकांना आत घ्या. गावाने त्यांना हसण्यावारी नेलं. एवढी पानं लावणार कोण, असं कोणीतरी ओरडलं. मग त्यांनी तिथेच सांगून टाकलं की त्या बेटाची गोष्ट मी मनाने रचली होती, असं कुठलंही बेट नाही. हशा थांबला. त्या दिवसापासून गावात त्यांच्या शब्दाला किंमत उरली नाही. आत्याला हे सगळं मी जाऊन सांगितलं. तिने ऐकलं आणि शेंगा सोलत राहिली.

लोकसभेची पुढची निवडणूक आली ती दोन हजार चार साली, ऐन एप्रिलच्या उन्हात. मधल्या पाच वर्षांत आत्या पार वाळून गेली होती. डोळ्यांत फूल पडलं होतं, माणूस आवाजावरून ओळखायची. तरी मतदानाच्या सकाळी चंद्रहासदादांनी रिक्षा दारात आणून उभी केली. तिला दोन्ही हातांनी धरून बसवलं, पुढे स्वतः बसले आणि मला म्हणाले, "आशालता, तूही चल. बायकांच्या रांगेत तिच्याजवळ कोणी हवं." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला त्यांची दया आली. पाच वर्षांचं ओझं आज उतरणार, असं ते धरून चालले होते.

शाळेत रांगेतल्यांनी आम्हाला पुढे सोडलं. अधिकारी तरुण होता. त्याने मोठ्याने नाव वाचलं, आत्या पदर सावरून पुढे झाली, बोटाला शाई लागली. पण आता मतपत्रिका नव्हती, यंत्र होतं. आत्याने यंत्राजवळ डोळे नेले, बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "मला चिन्हं दिसत नाय."

अधिकारी म्हणाला, "आजी, मदतीला एक माणूस बरोबर घेता येईल. तुम्ही सांगाल तेच बटण त्यांनी दाबायचं आणि बाहेर कोणाला सांगायचं नाही. हे तुमचे कोण?"

"भाचा," चंद्रहासदादा पुढे होत म्हणाले. "मीच त्यांचा सगळा…"

"हा नको," आत्या म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, पण खोली एवढीशी. टेबलामागच्या सगळ्यांनी माना वर केल्या. अधिकाऱ्याला वाटलं, म्हातारीला नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, "आजी, घरचंच माणूस आहे ना?"

"घरचाच हाय. हा नको. आशा येऊ दे."

माझ्याकडून अधिकाऱ्याने सही घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे आत्याने माझ्या कानात तिला हवं ते सांगितलं आणि माझं बोट धरून माझ्याबरोबर बटण दाबलं. यंत्र वाजलं तशी ती दचकली आणि हसली. तिने कोणाला मत दिलं ते मी विलासनाही सांगितलेलं नाही, मग तुम्हाला कशाला सांगू?

बाहेर आलो तेव्हा चंद्रहासदादा शाळेच्या व्हरांड्यात खांबाला धरून उभे होते. स्वतःचं मत त्यांनी अजून दिलं नव्हतं. मी आत्याला पायरीवर बसवलं. तिच्यासमोर ते उकिडवे बसले. मग म्हणाले, "आत्या, त्या दिवशी मी विसरलो नव्हतो. रांगेत उभा होतो तेव्हा तुझी आठवण झाली होती. तू लुगडं नेसून बसलेली असशील, तेही डोळ्यांसमोर आलं. तुला आणायला घरी गेलो असतो तर माझा नंबर गेला असता. म्हणून नाही गेलो."

आत्या शाई वाळवायला बोटावर फुंकर घालत होती.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "आख्ख्या जगाची इलेक्शनं तुला पाठ. घरातली आत्या कशी इसरशील?"

चंद्रहासदादांनी तोंड झाकून घेतलं. आत्याने हात पुढे करून त्यांचा खांदा चाचपला आणि म्हणाली, "जा आता. आत जाऊन तुझं मत दे. नायतर परत तुझा नंबर जाईल."